मदत हवी आहे : मेसमधली मुलगी जेवत नाही, पण तिचं सगळं लक्ष जेवणातच असतं

नमस्कार. मी रत्नागिरीत कॉलेजच्या मुलींसाठी घरगुती मेस चालवते. वरच्या मजल्यावर काही मुली कॉट बेसिसवर राहतात, बाकीच्या दोन्ही वेळा जेवायला येतात. लांजा, राजापूर, गुहागर, मंडणगड अशा गावांतून आलेल्या, पहिल्यांदाच घर सोडून राहिलेल्या पोरी. मी डॉक्टर नाही, या मुलीची नातेवाईकही नाही. पण तिला ताट मी वाढते आणि ते उचलतेही मीच. त्यामुळे मला जे दिसतंय ते तिच्या घरच्यांना दिसत नाहीये. मुलीची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, कोणी विचारूही नका.

मुलगी एकोणीस वर्षांची, दुसऱ्या वर्षाला आहे. हुशार, अबोल, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. गेल्या वर्षी आली तेव्हा चांगली धडधाकट होती. बांगड्याचं तिखलं केलं की भात परत मागून घ्यायची.

यंदा पावसाळ्यात सुरू झालं. आधी पोळी अर्ध्यावर आली. मग तळलेलं बंद. मग खोबरं बंद केलं. आता आपल्याकडे खोबरं वगळलं तर ताटात उरतं काय? आमटीला वाटण, भाजीवर खोबरं, कालवणात खोबरं, सोलकढी तर नारळाचीच. तिच्यासाठी मी बिनवाटणाची आमटी वेगळी काढायला लागले, तर महिन्याभरात भातही सुटला. श्रावणात सोमवार आणि शनिवार धरले, पाठोपाठ गुरुवार, चतुर्थी, एकादशी. पोरगी देवाधर्माची आहे म्हणून कोणी काही म्हणेना. साबुदाण्याची खिचडी पुढे केली तर “काकू, मी कडक उपवास करते” हे उत्तर. नवरात्र पाण्यावर आणि एखाद्या केळ्यावर काढलं. दसऱ्याला सगळ्यांचे उपवास सुटले, तिचा अजून सुटलेला नाही.

पण माझा खरा प्रश्न पुढेच आहे. ज्याला जेवण नको तो माणूस स्वयंपाकघरापासून लांब राहील ना? ही तिथून हलत नाही. कॉलेज सुटलं की थेट खाली येते, नारळ खवून देते, मी मासे साफ करत असले की बाजूला बसून बघते. मोदकाच्या उकडीला पाणी किती, घावनाला जाळी पडायला पीठ किती पातळ हवं, तिरफळं ठेचून घालायची की अख्खी, सगळं वहीत उतरवून घेते. रात्री दीड-दोनपर्यंत मोबाइलवर रेसिपीचे व्हिडिओ बघत असते असं तिच्या खोलीतल्या मुली सांगतात. दुसऱ्यांना आग्रह करकरून वाढते, कोणी ताटात टाकलं तर रागावते. एका मुलीच्या वाढदिवसाला हिने हौसेने खापरोळ्या केल्या. नारळाचा रस काढला, गूळ घातला, वेलची कुटली, वाट्या भरल्या. रस गोड झालाय का ते चाखायला मला हाक मारली, स्वतः बोटसुद्धा लावलं नाही. आणि मग सगळ्या जणी खात होत्या तेव्हा एकेकीच्या तोंडाकडे बघत बसली. ते बघणं मला अजून खुपतंय.

ताटावर बसली की पोळीचे नखाएवढे तुकडे करते आणि ताटाच्या कडेला ओळीने लावते. एक तुकडा तोंडात, वर पाणी. माशाची तुकडी काट्यापासून इतक्या निगुतीने सोडवते की वाटतं आता खाईल, तेवढ्यात ती शेजारणीच्या ताटात जाते. पाऊण तास बसते आणि पोटात जातात मोजून तीन-चार घास.

अंगाची स्थिती सांगते. विळीवरून उठताना हात जमिनीला टेकवावा लागतो, मग ओट्याची कड धरून थोडा वेळ तशीच उभी राहते. ऑक्टोबरच्या या उकाड्यात आम्ही पंख्याखाली घामाघूम आणि हिच्या अंगात स्वेटर. न्हाणीघरात केसांचे पुंजके. हातावर बारीक लव आली आहे. महिन्याच्या दिवसांचं एकदा हळूच विचारलं तर म्हणाली, “ते थांबलंय काकू, बरंच झालं, कटकट गेली.” बारीक व्हायचंय असं ती कधीच म्हणत नाही. पोट जड वाटतं, अ‍ॅसिडिटी होते, एवढंच.

तिची आई फोन करते तेव्हा मला एकच विचारते, “पोरगी वेळेवर जेवते ना हो?” वडील बोटीवर असतात, घरी आई आणि आजी. मी आईला काय सांगू? मुलीच्या पाठीमागे सांगितलं तर ती मेस सोडून जाईल, मग जेवते की नाही हे बघणारंही कोणी राहणार नाही. आणि हा नुसता हट्ट आहे की आजार? आजार असेल तर रत्नागिरीत कोणाला दाखवायचं? तिच्याशी बोलताना सुरुवात कुठून करू? तिचं बघून बाकीच्याही मुली आता “मलाही अर्धीच” म्हणायला लागल्या आहेत, तेही बघायला हवं. ज्यांना यातलं खरंच माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

मेसवाली काकू

आंबाघाट :
काकू, राग मानू नका, पण परक्याच्या मुलीत किती पडायचं? हल्ली सगळ्याच पोरी डाएट करतात. घरच्यांना वाटेल मेसमध्ये जेवण चांगलं नसेल म्हणून पोरगी वाळली. नाव तुमचं खराब होईल.

मेसवाली काकू :
नाव खराब झालं तर झालं. माझ्या घरात पोरगी ओट्याला धरून उभी राहते आणि मी महिन्याचे पैसे मोजून घेते, हे मला होणार नाही. डाएट करणाऱ्या पोरी मी खूप पाहिल्या. त्या आठवडाभर काकडी खातात आणि रविवारी वडे मागतात. हे तसं नाही.

वॉर्डसिस्टर :
काकू, मी बरीच वर्षं वॉर्डात काम केलं आहे. तुम्ही लिहिलंय ते वाचून मला तरी हा हट्ट वाटत नाही. अ‍ॅनोरेक्सिया नावाचा आजार असण्याची दाट शक्यता आहे. निदान डॉक्टरच करतील, कारण वजन उतरण्यामागे थायरॉइड, टीबी, साखर अशी दुसरीही कारणं असू शकतात आणि ती आधी तपासावी लागतात. पण वाट बघू नका. मानसिक आजारांमध्ये सर्वांत जास्त मृत्यू ज्यांत होतात त्यांतला हा एक आहे.

जेवण नको आणि स्वयंपाकघर हवं, हे कोडं आधी सोडवते, कारण घरचे नेमके इथेच फसतात. “एवढं हौसेने रांधते, म्हणजे ठीकच असणार” असं त्यांना वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला होता. उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालावं हे त्यातून शोधायचं होतं. ते तरुण स्वतःहून पुढे आले होते. सहा महिने त्यांना रोज साधारण १,५७० कॅलरी दिल्या आणि वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरवलं. यांतल्या कोणालाही बारीक व्हायचं नव्हतं, कोणी आरशात बघत नव्हतं. तरीही त्यांचं झालं काय? दिवसभर बोलणं जेवणाचं, स्वप्नं जेवणाची. ज्यांनी कधी चहा केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले. जेवण तासन्तास पुरवून खायचे, ताटं चाटायचे. हातपाय गार, नाडी मंद, माणसांत मिसळणं बंद. पोट भरून खायला मिळू लागल्यावरही काही जणांचं खाणं बरेच महिने ताळ्यावर आलं नाही.

तेव्हा तुमच्या मुलीची वही, रात्रीचे व्हिडिओ, पोळीचे तुकडे, दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघणं, हे सगळं भुकेलेल्या मेंदूचं काम आहे. भूक तिला आहे. म्हणून भूक वाढवायचं टॉनिक देऊन काही होत नाही, आणि “जेव गं” म्हणून वाद घालूनही होत नाही. डोकं ताळ्यावर यायलाही आधी अन्नच पोटात जावं लागतं.

ती “पोट जड वाटतं” म्हणते तेही खोटं नाही. कमी खाऊन खाऊन पोटाची हालचाल मंदावते आणि दोन घासांत तडस लागल्यासारखं होतं. “जाड व्हायची भीती वाटते” असं न म्हणता पोटाचीच तक्रार सांगणाऱ्या मुली आपल्याकडे आणि आशियात इतरत्रही डॉक्टरांना दिसल्या आहेत. त्यामुळे तोंडाने बारीक व्हायचंय म्हणत नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

विळीवरून उठायला हात टेकवावा लागतो हे तुम्ही फार महत्त्वाचं टिपलंत. उकिडवं बसून हाताचा आधार न घेता उठता येतं का, हे डॉक्टर मुद्दाम करून बघतात. जमत नसेल तर स्नायू झिजलेत असं धरतात. ही तपासणी तुमच्या स्वयंपाकघरात रोज होते आहे. उभं राहिल्यावर चक्कर, छातीत धडधड, बेशुद्धी, किंवा शांत बसलेली असताना नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली, यातलं काही दिसलं तर अपॉइंटमेंट वगैरे बघू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या. ईसीजी, रक्तदाब बसून आणि उभं राहून, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, एवढं बघायला सांगा. आणि रिपोर्ट नॉर्मल आले तरी “काही नाही हो” म्हणून परत येऊ नका. या आजारात बरेच दिवस रक्त नॉर्मल दिसतं.

मानसोपचाराचं तिथेच विचारता येईल. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. त्याचं नाव काढलं की आपल्याकडे लोक बिचकतात, पण तिथे ओपीडीत दाखवून घरी जाणारे पुष्कळ असतात. आज रात्रीच कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसुद्धा फोन करून विचारू शकता.

आईला सांगायलाच हवं, पण मुलगी सज्ञान आहे. आधी तिला सांगा की मी आईशी बोलणार आहे, जमल्यास तिच्यासमोरच फोन करा. तब्येत एकदम बिघडली तर मात्र परवानगीची वाट बघत बसू नका.

अबोली :
काकू, मी दापोलीची. कॉलेजात असताना मी तुमच्या त्या मुलीसारखीच होते. आता बरी आहे, नोकरी करते, म्हणून लिहिते.

तिच्याशी वजनाबद्दल बोलूच नका. “किती वाळलीस” हे मला तेव्हा शाबासकीसारखं वाटायचं. आणि बरी होताना कोणी “आता कशी छान भरलीस” म्हणालं की मी दोन दिवस जेवायची नाही. तुम्हाला जे दिसलं तेवढंच सांगा. चक्कर दिसली, स्वेटर दिसला, झोप नाही हे कळलं. तिच्याकडून कबुली काढायला जाऊ नका.

मला ज्या डॉक्टरांनी बोलतं केलं त्यांनी एक पाच प्रश्नांची चाचणी घेतली होती. इंग्लंडमध्ये १९९९ साली तयार झालेली आहे. पोट फार भरल्यासारखं वाटतं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का, किती खातेस त्यावर ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहा-सात किलो वजन उतरलं का, लोक बारीक म्हणतात तरी तुला तू जाड वाटतेस का, आणि शेवटचा, जेवणाच्या विचाराने तुझं आयुष्य व्यापून टाकलंय असं वाटतं का. दोन उत्तरं हो आली तर पुढे तपासायचं. पहिल्या चारांना मी सरळ नाही म्हणाले, त्यातलं निम्मं खोटं होतं. पाचव्याला मला रडूच फुटलं. तोपर्यंत सगळे विचारत होते की तू जेवत का नाहीस. डोक्यात चोवीस तास काय चालतं हे कोणी विचारलंच नव्हतं. मी वर्गात बसून फळ्याकडे बघत उद्याच्या अर्ध्या भाकरीचा हिशोब करायचे. फार थकायला होतं त्याने.

उपवासांबद्दल एक. देवाचं नाव असलं की घरात कोणी अडवत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या आजीनेच शेवटी सोडवलं. ती म्हणाली, आजारी माणसाला उपवास नसतो, तुझे सगळे वार मी धरते. आणि खरंच तिने धरले. तुमच्या मुलीच्या घरीही आजी आहे असं लिहिलंत म्हणून सांगितलं.

बाकीच्या मुलींसाठी जेवताना कॅलरीची, वजनाची चर्चा बंद असा मेसचा नियम करून टाका. तुमची मेस आहे, नियम करायचा हक्क तुमचाच.

मेसवाली काकू :
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं उत्तर मी परत परत वाचलं. काय झालं ते सांगते, आणि पुढचा प्रश्न आहे.

दुपारी कोणी नसताना तिला वाल सोलायला बसवलं. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. वजनाचं काढलं नाही. म्हटलं, “तू उठताना ओटा धरतेस ते मी बघते गो, मला भीती वाटते.” ती गप्प. मग अबोलीने लिहिलेला शेवटचा प्रश्न विचारला, माझ्या शब्दांत. “दिवसभर डोक्यात जेवणच असतं काय?” तिचा हात थांबला. म्हणाली, “काकू, दुसरं काही येतच नाही डोक्यात. पेपर लिहितानासुद्धा. मला वाटायचं मी वेडी झालेय.” तिला त्या ३६ माणसांची गोष्ट सांगितली. ती माणसंही पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, जेवण पुरवून खायची, म्हटलं. तिने दोनदा विचारलं, “ते बरे झाले का मग?” मी हो म्हणाले. वेळ लागला हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी रुग्णालयात नेलं. बसलेली असताना नाडी ४६. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. तिनेच आईला फोन लावला आणि मग माझ्या हातात दिला. आई संध्याकाळच्या गाडीने आली. मानसोपचाराचे डॉक्टरही बघून गेले, आजाराचं नाव त्यांनी तेच सांगितलं.

आता प्रश्न. आई म्हणते, चार दिवसांत घरी नेते आणि लाडू, शिरा, कोंबडी, जे जे बंद केलं ते सगळं खायला घालते. दिवाळी तोंडावर आहे, घरी फराळ होणार. मला तिची माया कळते, पण असं एकदम घातलेलं चालतं का? आणि फराळ करताना हिला चुलीशी बसू द्यायचं की नाही?

वॉर्डसिस्टर :
एकदम अजिबात नाही, आईला हे आजच सांगा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन उतरतं आणि हृदयावर येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये असे मृत्यू झाले होते. म्हणून तर तिला दाखल करून रोज रक्त बघतायत. किती वाढवायचं ते डॉक्टर ठरवून देतील. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि दर दोन-तीन दिवसांनी जरा जास्त. याचा अर्थ घाबरून कमीच ठेवायचं असाही नाही, अन्न वाढत राहायला हवं. डिस्चार्जच्या आधी आहाराचा कागद लिहून घ्या आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय निघू नका.

घरी गेल्यावर पहिले काही महिने ताटात काय आणि किती हे आईने ठरवायचं, मुलीने नाही. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली गेली. आईवडिलांनी जेवण हातात घ्यायचं, भांडण न करता, रोज, ताट संपेपर्यंत शेजारी बसायचं. किशोरवयीन मुलींमध्ये तिचा चांगला उपयोग होतो. एकोणीस वर्षांच्या मुलीला कसं लागू करायचं ते डॉक्टरांना विचारा. कॉलेजचं सत्र बुडालं तर बुडू दे.

अबोली :
फराळाचं माझं मत : यंदा तिला चुलीशी बसवू नका. मला बंदी घातली होती तेव्हा मी चिडले होते, पण दुसऱ्यांसाठी रांधत बसलं की स्वतः न खाणं लपून जातं. तिला रांगोळी द्या, कंदील द्या. फराळाच्या वेळी सगळ्यांबरोबर बसवा, तिच्या कागदात असेल तेवढं तिच्या ताटलीत, आईचीही ताटली बाजूला. त्या वेळात जेवण सोडून कशावरही बोला. आणि काकू, ती रेसिपीची वही सध्या तुमच्याकडे ठेवून घ्या. परत कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

मेसवाली काकू :
वही तिने स्वतःच काल माझ्या पिशवीत टाकली. आईशी आज संध्याकाळी बोलते, सिस्टरनी लिहिलेलं तिला वाचून दाखवते. आजीच्या उपवासांचंही सांगणार आहे. डिस्चार्ज झाला की इथेच लिहीन. राजापूरच्या बाजूला नियमित समुपदेशन करणारं कोणी माहीत असेल तर कृपया कळवा, दर आठवड्याला रत्नागिरीला येणं त्यांना जड जाईल.